टाळ्या थांबवणारी

टीव्हीवरच्या टाळ्या आपोआप वाजतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती काढून टाकावी. कार्यक्रमात लोक बेभान होऊन टाळ्या पिटतात, उभे राहतात, ओरडतात, ते सगळं कुणीतरी करवून घेत असतं. कॅमेऱ्याच्या शेजारी, तुम्हाला-मला कधीच दिसणार नाही अशा जागी, एक बाई पायात कापडी बूट घालून उभी असते आणि तिच्या हातावर दीड-दोनशे माणसं नाचत असतात. आमची टाळीताई ही तसली बाई. तिचं खरं नाव नवऱ्यालासुद्धा जरा आठवून सांगावं लागायचं.

पूर्वी ती कापडाच्या दुकानात होती. एकदा शेजारणीबरोबर फुकटचा कार्यक्रम बघायला म्हणून स्टुडिओत गेली. तिथला टाळ्या घेणारा माणूस लोकांवर नुसता खेकसत होता आणि लोक पाहुण्यांच्या घरी बसल्यासारखे अवघडून बसले होते. हिला राहवलं नाही. ती उठली आणि पुढच्या रांगेतल्या एका काकांना म्हणाली की टाळी वाजवताय का डास मारताय. सगळा हॉल हसला, काकाही हसले आणि त्यानंतर जी टाळी पडली ती ऐकून आतली मंडळी बाहेर आली. दुसऱ्याच दिवसापासून टाळीताई कामाला.

आणि काम तरी काय सुरेख करायची! उजवा तळवा वर केला की टाळ्या, मूठ मिटली की बंद. बोट हनुवटीला लावलं की सगळ्यांनी श्वास रोखायचा. दोन्ही हात डोक्यावर उंच नेले की उभं राहून छप्पर उडवायचं. खळखळून हसणाऱ्यांना ती बरोबर माइकखाली बसवायची, जांभया देणाऱ्यांना खांबामागे आणि घरून भांडून आलेल्या नवरा-बायकोंना दोन टोकांना. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला खोकला आहे, सगळं तिला ठाऊक. नवरा बसचा ड्रायव्हर होता. तोच ही सगळी वरात आणायचा, पोचवायचा आणि मधल्या वेळात बसच्या मागच्या बाकावर ताणून द्यायचा.

ज्या कार्यक्रमानं तिचं नाव झालं त्याला लोक नुसतं ‘चाक’ म्हणत. एक भलंमोठं फिरतं पिंप, त्यावर माणसानं धावायचं आणि दोन्ही बाजूंनी वाळूच्या गोण्या झुलत यायच्या. गोणी लागली की माणूस खाली गादीवर. जिंकणारा कुणाच्या लक्षात राहत नसे, आपटणारा मात्र आठवडाभर पुरायचा. तोच आपटतोय, हळू आपटतोय, उलटा आपटतोय, असं सगळ्या बाजूंनी दाखवायचे. आणि उगाच तोंड वाकडं करू नका, आपणही बघतच होतो की. मी बघत होतो, तुम्ही बघत होता, ताट हातात घेऊन बघत होतो.

टाळीताईच्या सासूबाई तर त्या कार्यक्रमासाठी जीव टाकायच्या. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत टीव्ही, टीव्हीसमोर त्यांची वेताची खुर्ची. सून कामावरून आली, अजून चपला काढतेय, तोच त्यांचा प्रश्न यायचा, “आज कोण आपटलं गं?” पाणी हवं का, दमलीस का, ते नंतर. टाळीताई हसून सांगायची की आई, मला दिसतच नाही. आणि ते खरं होतं. तिचं तोंड लोकांकडे, पाठ खेळाकडे. वर्षानुवर्षं तिनं चाकावरचा खेळ फक्त लोकांच्या चेहऱ्यांवर बघितला होता. चेहरे फुलले की कळायचं, गोणी जवळ आली. चेहरे उसळले की कळायचं, गेला.

मग तो रंगारी आला. घरांच्या भिंती रंगवणारा, अंगानं सडसडीत, शिडीवर आयुष्य गेलेलं, त्यामुळे पिंपावर मांजरासारखा पळत होता. बराच वेळ टिकला. गोणी लागली तेव्हा तो गादीवर पडलाच नाही, गादी आणि पिंप यांच्यामधल्या फटीत गेला. टाळीताईला दिसले फक्त चेहरे. पुढच्या रांगेतल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. मागच्या रांगेत कुणी हसत होतं, कुणी अर्धवट उठलं होतं. आपल्या नेमाविरुद्ध तिनं मागे वळून पाहिलं. त्याचा पाय पिंपाखाली होता आणि पिंप फिरतच होतं.

चाक चालू-बंद करणारा बटणवाला बसायचा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, उंच माचावर. त्या संगीताच्या ढणढणाटात हाक कुठली पोचणार! तेव्हा तुम्ही-आम्ही जे केलं असतं तेच तिनं केलं. दोन्ही हात डोक्यावर उंच करून ती जिवाच्या आकांतानं हलवायला लागली, की बंद कर, बंद कर.

आणि सगळा हॉल उभा राहिला. तिनंच शिकवलं होतं ना! दोन्ही हात वर म्हणजे उभं राहून छप्पर उडवायचं. उडवलं त्यांनी छप्पर. ती जितके हात हलवतेय तितक्या टाळ्या वाढतायत. बटणवाल्यानं पाहिलं, अख्खा हॉल उभा, म्हणजे काहीतरी झकास चाललंय. त्यानं चाक आणखी जरा फिरू दिलं.

ते थांबलं एकदाचं. पण खरं वाईट त्यानंतर झालं. रंगारी फटीतून बाहेर सरकला आणि त्या मोडलेल्या पायावर उभा राहिला. हात वर केला, लोकांकडे बघून हसला आणि मग तो पाय जो दुमडला तो कायमचा.

इस्पितळात ती त्याला भेटायला गेली तेव्हा त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, स्वतःच्या बायकोला चहा आणायला पाठवलं. रागाचा एक शब्द नाही. नुसतं म्हणाला, “पडल्यावर एवढ्या टाळ्या ऐकल्या ना ताई, मला वाटलं जिंकलोच. म्हणून उठलो.” तिनं तो चहा कसा संपवला तिचं तिला माहीत. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले की पडून राहिला असता तर पाय बराचसा वाचला असता.

वाहिनीनं तो भाग दाखवलाच, वर जाहिरातही केली. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला की आज टीव्ही नको. पण सासूबाईंना अडवणं त्या घरात कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. टाळीताई स्वयंपाकघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं चाक सोडलं. पुन्हा कुणाचं हाड आपल्या हातावर मोडायचं नाही, असा तिनं कानाला खडा लावला. सासूबाई आठवडाभर फुगून बसल्या होत्या, चांगलं चाललेलं काम सोडतं का कुणी म्हणून.

दुसरी कुणी असती तर टाळीचं नाव काढलं नसतं. ही वेगळ्याच मातीची. गाण्याच्या स्पर्धा, प्रश्नमंजूषा, असल्या निरुपद्रवी कार्यक्रमांना ती माणसं नेत राहिली, फक्त एक नवी गोष्ट करायला लागली. टाळी शिकवायच्या आधी ती लोकांना गप्प बसायला शिकवायची. ती चटकन दोन्ही हात डोक्यावर ठेवून जमिनीवर बसकण मारायची आणि त्या क्षणी सगळ्यांनी जिथे असू तिथे मुकं व्हायचं. टाळी अर्धी राहिली तरी चालेल, शिंक आली तरी गिळायची. लोक आधी फिदीफिदी हसायचे. ती पुन्हा करवायची, पुन्हा करवायची, हसणाराच कंटाळून गप्प होईपर्यंत. कुणी विचारलंच तर सांगायची की हात वर केला तर माणसं काहीही समजतात, पण बाई खाली बसली की टाळी वाजवावीशी कुणालाच वाटत नाही.

निर्माते करवादायचे. गाण्याच्या कार्यक्रमात कोण कशाला आपटणार? ती म्हणायची बरोबर आहे तुमचं, आणि शिकवायचीच.

अशात एक दिवस एक दिग्दर्शिका तिच्या दारात उभी राहिली. पोरसवदा, केस कापलेले, खांद्यावर भलीमोठी पिशवी. तिला ‘चाक’सारख्या कार्यक्रमांची टर उडवणारा चित्रपट काढायचा होता. गोष्ट अशी, की एका कार्यक्रमात माणसाला दोरीला टांगतात, खाली पाण्याची टाकी, आणि लोकांच्या टाळ्या जितक्या वाढतील तितकी दोरी खाली. वर सूत्रसंचालक अतिशय अदबीनं त्या टांगलेल्या माणसाला विचारतोय की आपला आवडता रंग कोणता, आणि मध्येच गादीची जाहिरात. टाळीताईला हसू आवरेना. सासूबाई आतून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या की असा कार्यक्रम खरंच असेल तर किती वाजता लागतो.

दिग्दर्शिकेला गर्दी हवी होती, आणि गर्दीला हलवणारी बाईसुद्धा, कॅमेऱ्यासमोर, जशी आहे तशी. तिला दुष्ट दिसणारे लोक नको होते. ती म्हणाली, “लोक आधी खदखदून हसले पाहिजेत, ताई. मग आपण कशाला हसलो, ते त्यांना घरी गेल्यावर टोचलं पाहिजे.” टाळीताईनं शेवट काय आहे ते विचारलं. पोरगी प्रामाणिक होती. म्हणाली की शेवट अजून सापडलेला नाही.

टाळीताईनं नाही म्हणून सांगितलं. पडणाऱ्या माणसासाठी टाळी घेणार नाही, खोटा पडणारा असला तरी नाही. पण ती पोरगी गेल्यावर हिला चैन पडेना. शेवटी उठून ती रंगाऱ्याकडे गेली. त्याला आता शिडी चढता येत नव्हती. तो एका दुकानात रंग कालवून द्यायचा आणि गिऱ्हाईक भिंतीचा तुकडा घेऊन आलं की हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं की असला चित्रपट केला तर तुम्हाला वाईट वाटेल का.

तो काडीनं रंग ढवळत होता. मग म्हणाला, “मीही येतो की. एकदा मला टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूला बसून बघायचंय.”

म्हणून टाळीताई तयार झाली. अट एकच, सकाळचा पहिला अर्धा तास तिचा. चित्रीकरणाच्या दिवशी व्यवस्थापक घड्याळ बघत हात चोळत होता आणि ही बया सगळ्यांकडून गप्प बसायचा सराव करून घेत होती. खाली बस, ऊठ, पुन्हा खाली बस. व्यवस्थापक कुणाला तरी म्हणाला की टाळ्यांसाठी बाई आणली आणि ती योगासनं करतेय. तिनं ऐकलं आणि त्याच्याकडून पण एकदा करवून घेतलं.

मग काम सुरू झालं. टांगला जाणारा नट नवखा होता पण हरहुन्नरी. छातीला पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि तो हवेत असे हातपाय झाडायचा की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. टाकीशेजारी दोरीवाला उभा, तो टाळ्यांच्या तालावर दोरी सोडायचा. लोकांना सांगितलेलंच होतं की हे सगळं खोटं आहे, त्यामुळे लोक मोकळे सुटले. “सोडा, सोडा” म्हणून ओरडायला लागले. ज्या आजीबाई मुंगीसुद्धा मारत नसतील त्याही ओरडत होत्या. दिग्दर्शिका छोट्या पडद्यावर चेहरे बघत होती आणि तिला काय करू नि काय नको झालं होतं.

दुपारच्या चहाला रंगारी लंगडत टाळीताईजवळ आला. मान खाली. म्हणाला की ताई, मीही हसलो. तिनं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि सांगितलं की हसणारच तुम्ही, मी हसवायलाच तर उभी आहे.

चहानंतर तोच प्रसंग पुन्हा घ्यायचा होता. संगीत सुरू झालं, नट वर गेला, टाळीताईनं नेहमीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली आणि तळवा उचलला. टाळ्या उसळल्या. चेहरे फुललेले, सगळे, एकजात. आणि त्या फुललेल्या चेहऱ्यांमध्ये तिला एक चेहरा विझताना दिसला. रंगारी उठून उभा राहिला होता, टाळी थांबलेली, नजर वर. का थांबलो ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणायचा की ते पाय ओळखीचे वाटले.

ती गर्रकन वळली. पट्टा छातीवरून सरकून नटाच्या गळ्याशी आला होता. त्याचे हात आता हवेत नव्हते, गळ्याशी होते, आणि पाय तसेच झाडत होते जसे सकाळपासून झाडत होते. लोकांना वाटलं, काय नट आहे! दिग्दर्शिकेची नजर चेहऱ्यांवर, दोरीवाल्याचे कान टाळ्यांवर. संगीत असं की कुणी शेजाऱ्याला हाक मारली तरी ऐकू जाऊ नये.

आणि तिचे हात वर निघाले. सवय हो, सवय! दोन्ही हात खांद्याच्या वर गेले सुद्धा, पुढची रांग उठायला लागली सुद्धा. पुन्हा तेच होणार होतं, तेच हात आणि त्याच टाळ्या. अंगातला सगळा जोर लावून तिनं ते हात ओढून डोक्यावर आणले आणि धप्पकन जमिनीवर बसली.

एक-दोन टाळ्या चुकून पडल्या. मग सगळा हॉल मुका झाला. कुणी अर्धं उठलेलं होतं, कुणाचे तळवे हवेत होते, कुणाचं तोंड उघडं. संगीतवाल्यानंही दचकून बटण दाबलं. त्या शांततेत वरून आवाज आला, बारीक, कोंडलेला. तो अभिनय नव्हता हे लहान मुलालाही कळलं असतं. दोरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं दोरी टाकीच्या बाजूला ओढली, दोघे-चौघे धावले आणि नटाला उचलून घेतलं. व्यवस्थापकानंच त्याच्या गळ्यातला पट्टा कापला.

पोरगा टाकीच्या काठावर बसून बराच वेळ खोकत राहिला. गळ्यावर लालबुंद वळ. बोलता यायला लागल्यावर त्यानं आधी चहा मागितला, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. टाळीताई अजून जमिनीवरच होती. तिला उठता येईना. रंगारी आला, त्यानं स्वतःची काठी तिला टेकायला दिली आणि स्वतः खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. लोक मात्र अजून गप्प. ती सांगेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, असं तिनंच शिकवलं होतं.

दिग्दर्शिकेला तिचा शेवट त्या दिवशी सापडला. कॅमेरे चालूच राहिले होते. तिनं आधी नटाला विचारलं, मग टाळीताईला, मग रंगाऱ्यालाही. तिघांनी हो म्हटल्यावरच ते चित्रपटात ठेवलं.

पहिल्या खेळाला नवऱ्यानं सगळ्यांना बसमधून नेलं. सासूबाई नवी चप्पल घालून आल्या होत्या. त्यांना रंगाऱ्याशेजारची खुर्ची मिळाली तर त्या तिथून उठून पलीकडे जाऊन बसल्या. थिएटर गच्च भरलं होतं आणि पहिल्या प्रसंगापासून हशा. आवडता रंग कोणता म्हटल्यावर तर लोक खुर्चीत लोळले. दोरी खाली यायला लागली तशा थिएटरातही टाळ्या पडायला लागल्या. सासूबाईंनीही दोन्ही हातांनी वाजवल्या.

मग पडद्यावर टाळीताई खाली बसली. पडद्यावरची गर्दी मुकी झाली आणि आपल्याकडे बघत राहिली. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकत होता, हवेत राहिलेले तळवे, उघडी तोंडं. थिएटरात टाळ्या विरत गेल्या. अगदी शेवटी कुणाची तरी एकच टाळी पडली, फार मोठ्यानं ऐकू आली, आणि तो माणूस खुर्चीत खाली सरकला. दिवे लागले तरी कुणी लगेच उठलं नाही.

परतताना रंगारी आपल्या कोपऱ्यावर उतरला. खिडकीशी येऊन त्यानं सासूबाईंनाही वाकून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. बस निघाली. सिनेमाबद्दल एक अक्षर नाही, नव्या चपलेची तक्रार नाही, त्यामुळे टाळीताईला वाटलं की डोळा लागला असेल.

सासूबाई बाहेर बघतच म्हणाल्या, “तो रंगारी पडलेला टीव्हीवर दाखवला ना, त्या दिवशी मी टाळी वाजवली होती गं. बाहेरच्या खोलीत. एकटीच होते.” आणि पुढे म्हणाल्या, “तिथल्या लोकांना निदान तू हात तरी केला होतास. मला तर कुणी सांगितलंही नव्हतं.”

टाळीताई म्हणाली, “ऐकू आली होती मला, आई. नळ सोडला होता, तरी ऐकू आली.”

सासूबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात, आणि ही एका शब्दानं बोलली नव्हती. त्यांचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, काय करावं ते न कळल्यासारखे. टाळीताईनं त्यातला एक आपल्या हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.